कबरींनी राखलेलं रान : नैसर्गिक दफनाचा दोनशे वर्षांचा इतिहास

आज आपण अशा एका जागेबद्दल बोलणार आहोत, जी नुसती पाहिली तर दफनभूमी आहे हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यात, ब्लू रिज डोंगररांगांच्या पायथ्याशी वेस्टमिन्स्टर नावाचं छोटं गाव आहे. त्याच्याजवळ रॅम्सी क्रीक नावाचा ओढा वाहतो. ओढ्याच्या काठाने जंगल, जंगलातून पायवाटा. वाटेच्या कडेला मधूनच एखादा मातीचा उंचवटा, त्यावर पाचोळा आणि रानझुडपं, डोक्याशी जमिनीसपाट ठेवलेला एक साधा दगड, त्याच भागातला. दगडावर नाव कोरलेलं. त्या उंचवट्याखाली माणूस पुरलेला आहे. संगमरवर नाही, हिरवळ कापणारं यंत्र नाही, प्लास्टिकची फुलं नाहीत. १९९८ साली सुरू झालेली ही अमेरिकेतली पहिली 'संवर्धन दफनभूमी', म्हणजे जिथे माणसं पुरली जातात ती जंगल राखण्यासाठी.

आता तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? कापडात गुंडाळून देह थेट मातीत ठेवायचा हे तर मुसलमान समाजात शतकानुशतकं चालत आलंय. आपल्याकडे लिंगायत समाजात दफनच होतं. तान्ही बाळं तर बहुतेक सगळ्याच जातींत पुरतात. बरोबर आहे. दफनाची ही रीत नवी नाहीच. नवीन आहे ती तिची घातलेली सांगड, एका बाजूला मृतदेह आणि दुसऱ्या बाजूला जमिनीचा कायदा. आणि ही सांगड घालायची गरज का पडली, हे समजायचं असेल तर आपल्याला दोनशे वर्षं मागे जावं लागतं. माणूस आणि माती यांच्यामध्ये मुळात काय काय येऊन बसलं, ते आधी पाहावं लागतं.

सुरुवात पॅरिसपासून करू. तिथलं इनोसंट्स नावाचं जुनं कब्रस्तान शहराच्या मधोमध होतं. शतकानुशतकं त्याच त्या जमिनीत माणसं पुरली गेली. इतकी, की १७८० मध्ये शेजारच्या तळघराची भिंत तिकडच्या भाराने फुटली. त्या वर्षी ते बंद झालं आणि काही वर्षांनी तिथली हाडं काढून शहराखालच्या खाणींत रचली. मग १८०४ मध्ये तेव्हाच्या शहराच्या हद्दीबाहेर पेर लाशेज ही नवी दफनभूमी सुरू झाली, टेकडीवर, झाडांमध्ये. लंडनमध्येही हीच गत होती. १८३९ मध्ये जॉर्ज वॉकर या डॉक्टरने चर्चच्या आवारांमधल्या भरून वाहणाऱ्या कबरींवर एक पुस्तकच लिहिलं, आणि १८५२ च्या कायद्याने लंडनच्या आतली दफनं बंद करण्याची वाट मोकळी झाली. म्हणजे बघा, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रश्न होता तो जागेचा आणि आरोग्याचा. मेलेल्यांना गावाबाहेर न्यायचं, हे ठरलं. पण गावाबाहेर नेऊन त्या जमिनीचं करायचं काय?

या प्रश्नावर ज्याने सर्वात स्वच्छ विचार केला, तो माणूस बागकामातला होता. जॉन क्लॉडियस लाउडन. १८४३ मध्ये, स्वतःच्या मृत्यूच्याच वर्षी, त्याने दफनभूमीची आखणी, लागवड आणि व्यवस्था यांवर पुस्तक लिहिलं. त्यातल्या दोन कल्पना आपण लक्षात ठेवू. एक : दफनभूमी भरली की तिचं सार्वजनिक उद्यान व्हावं. दुसरी त्याहून धाडसी : काही जमिनी ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घ्याव्यात, तिथे दफन करावं, आणि मुदत संपल्यावर जमीन पुन्हा शेतीला किंवा झाडांना द्यावी. त्याच्या काळी हे फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पण दफनभूमी ही जमिनीच्या आयुष्यातली एक अवस्था आहे, तिचा शेवट नव्हे, हा विचार इथे पहिल्यांदा इतक्या व्यवहारी भाषेत मांडलेला दिसतो.

अटलांटिकच्या पलीकडे १८३१ मध्ये बॉस्टनजवळ माउंट ऑबर्न सुरू झालं. त्यामागे जेकब बिगेलो हा डॉक्टर होता, आणि तो वनस्पतिशास्त्रज्ञही होता. त्याला साथ मिळाली मॅसॅच्युसेट्सच्या फळबाग-फुलबाग मंडळाची. झाडांमध्ये, उंचसखल जमिनीवर कबरी असाव्यात आणि देहाचं मातीत मिसळणं ही लाजेची नव्हे तर नैसर्गिक गोष्ट मानावी, असं बिगेलोचं म्हणणं होतं. माउंट ऑबर्न इतकं लोकप्रिय झालं, की लोक रविवारी तिथे फिरायला जायला लागले. अमेरिकेत तोवर मोठी सार्वजनिक उद्यानं नव्हती. शहरांना उद्यानं हवीत ही मागणी पुढे आली, त्यात या दफनभूमींचा वाटा मोठा आहे. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क त्या नंतरचं. जिवंत माणसांच्या बागेची वाट मेलेल्यांच्या बागेतून गेली, असं म्हटलं तर ते फार चुकीचं होणार नाही.

मग हे सगळं बिघडलं कुठे?

एक धक्का युद्धाचा होता. १८६१ ते १८६५ अमेरिकेचं यादवी युद्ध झालं. उत्तरेकडची हजारो मुलं दक्षिणेत मेली. घरच्यांना देह परत हवा होता, आणि आगगाडीने, उन्हाळ्यात, तो टिकणार कसा? तेव्हा एम्बामिंगचा, म्हणजे शिरांमधून रसायनं भरून देह टिकवण्याचा धंदा उभा राहिला. थॉमस होम्स हा त्यातला सर्वात गाजलेला माणूस. त्या काळच्या द्रावणांत आर्सेनिक सर्रास असे. मग एप्रिल १८६५ मध्ये लिंकनची हत्या झाली. त्यांचा देह वॉशिंग्टनहून इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डपर्यंत आगगाडीने नेला, वाटेत शहराशहरांत लोकांनी दर्शन घेतलं. लक्षावधी लोकांनी एम्बामिंग केलेला चेहरा पाहिला, आणि जे सैन्याच्या अडचणीतून आलं होतं ते प्रतिष्ठेचं झालं. पुढे आर्सेनिक गेलं, फॉर्मल्डिहाइड आलं. रीत मात्र राहिली.

दुसरा बदल गवताचा आहे, आणि तो कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. १८५५ पासून सिनसिनाटीत अ‍ॅडॉल्फ स्ट्राउख याने स्प्रिंग ग्रोव्ह दफनभूमीत कुंपणं आणि दाटी काढून मोकळी हिरवळ आणली. १९१७ पासून कॅलिफोर्नियाच्या फॉरेस्ट लॉनमध्ये ह्यूबर्ट ईटनने उभे दगडच काढून टाकले, जमिनीसपाट पाट्या बसवल्या. दिसायला सुंदर. पण हिरवळ म्हटली की ती कापायला यंत्र आलं. यंत्र नीट चालायचं तर जमीन खचून चालत नाही. आणि लाकडी पेटी कुजली की जमीन खचणारच. म्हणून पेटीच्या भोवती काँक्रीटचं कवच आलं. त्याला तिकडे व्हॉल्ट म्हणतात. हे कवच बसवायला कुठला सर्वसाधारण कायदा सांगत नाही, दफनभूमीचे नियम सांगतात. म्हणजे विसाव्या शतकातला अमेरिकन माणूस मेला, की आधी रसायन, मग धातूची किंवा पॉलिश केलेल्या लाकडाची पेटी, मग काँक्रीट, आणि वर हिरवळ. मातीशी त्याची गाठच पडत नाही. या व्यवसायात दर वर्षी १६ लाख टन काँक्रीट जमिनीखाली जातं, असा एक अंदाज तिकडे नेहमी दिला जातो. आकडा थोडा इकडेतिकडे असेल, पण प्रकार काय आहे ते त्यावरून कळतं.

या सगळ्याला विरोध झाला नाही असं नाही. १८७५ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये फ्रान्सिस सीमोर हेडन या शल्यविशारदाची पत्रं आली. हा माणूस नामांकित एचिंग-चित्रकारही होता. त्याचं म्हणणं साधं होतं. माती आपलं काम उत्तम करते, आपणच तिला ते करू देत नाही. दोष दफनाचा नाही, दोष मजबूत पेट्यांचा आणि विटांच्या तळघरांचा आहे. त्याच वर्षी ड्यूक ऑफ सदरलँडच्या स्टॅफर्ड हाउस या वाड्यात त्याने वेताच्या शवपेट्यांचं प्रदर्शन मांडलं. पाहायला झुंबड उडाली, थट्टाही झाली. 'मातीचं मातीला' हे त्याच्या चळवळीचं ब्रीद.

हेडनला हे लिहावं का वाटलं? कारण वर्षभर आधी, १८७४ मध्ये, सर हेन्री थॉम्पसन या दुसऱ्या शल्यविशारदाने दहनाचा पुरस्कार केला होता आणि दहन मंडळ स्थापन केलं होतं. दोघे डॉक्टर, दोघांना चर्चच्या आवारातली दाटी नकोशी, पण उपाय वेगळे. आपल्याला निकाल माहीत आहे. १८८५ मध्ये वोकिंगला पहिलं आधुनिक दहन झालं, १९०२ मध्ये कायदा आला, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये दहनांची संख्या दफनांच्या पुढे गेली. अमेरिकेतही १९६३ मध्ये जेसिका मिटफर्डने अंत्यविधीच्या धंद्याची पुस्तक लिहून लक्तरं काढली. लोकांनी त्यातून घेतलेला धडा होता : स्वस्तात दहन करा. २०१६ च्या सुमारास तिकडेही निम्म्याहून जास्त लोक दहन निवडू लागले. हेडन विसरला गेला.

पण दहन जिंकलं म्हणून प्रश्न सुटला नाही. गॅस जळतो, धूर होतो. आणि ज्यांना मातीतच जायचं होतं, त्यांच्यापुढे काँक्रीटशिवाय पर्याय राहिला नाही. ही कोंडी पहिल्यांदा फोडली ती एका नगरपालिकेच्या नोकराने, हे आम्हाला मोठं लोभस वाटतं. इंग्लंडच्या उत्तरेला कार्लाइल नावाचं शहर. केन वेस्ट हे तिथल्या दफनभूमीचे व्यवस्थापक. १९९३ मध्ये त्यांनी नगरपालिकेच्याच दफनभूमीला लागून 'वन-दफनभूमी' सुरू केली. दगड नाही, कबरीवर ओकचं रोप. काही वर्षांनी तिथे थडग्यांची रांग नसेल, ओकचं रान असेल. ना चळवळ, ना घोषणा. रोज गवत कापण्याचा खर्च ज्याच्या टेबलावर येतो, त्या माणसाला सुचलेली ही गोष्ट आहे. आज ब्रिटनमध्ये अशा दोनशेहून अधिक जागा आहेत.

कार्लाइल आणि रॅम्सी क्रीक यांच्यात एक फरक आहे, आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा तिथेच आहे. कार्लाइलला रान लावायचं होतं. रॅम्सी क्रीकला असलेलं रान वाचवायचं होतं.

बिली कॅम्पबेल हे वेस्टमिन्स्टरचे गावातले डॉक्टर. पुन्हा डॉक्टरच बघा! बिगेलो, हेडन, कॅम्पबेल. देहाचं पुढे काय होतं हे ज्याला रोजच्या कामातून माहीत असतं, त्याला बहुधा त्याची भीती कमी वाटते. किंबर्ली या त्यांच्या पत्नी. दोघांनी मिळून हे काम उभं केलं. हिशेब सरळ होता. लोक अंत्यविधीवर काही हजार डॉलर खर्च करतातच. तो पैसा पेटीत आणि काँक्रीटमध्ये न जाता जमीन विकत घेण्यात आणि राखण्यात गेला तर? सुरुवातीला जमीन होती सुमारे ३३ एकर. पुढे ती दुपटीहून वाढली.

तिथली पद्धत नीट समजून घेऊ. आधी वनस्पतींची पाहणी, दुर्मीळ झाड-झुडूप असेल ती जागा सोडायची. ओढ्यापासून अंतर ठेवायचं. खड्डा हाताने खणायचा आणि साधारण तीन-चार फूटच. का? जमिनीचे जीवजंतू, हवा, मुळं, सगळं वरच्या थरात असतं. सहा फुटांखालची माती थंड आणि गुदमरलेली असते. खणताना वरची माती वेगळी, खालची वेगळी ठेवायची, आणि त्याच क्रमाने परत भरायची. आपल्याकडचा शेतकरी विहीर खणताना मुरूम आणि काळी माती एकत्र होऊ देत नाही, तसंच. एम्बामिंग नाही, व्हॉल्ट नाही. कुजेल अशी साधी पेटी किंवा नुसतं कापड. वर मातीचा ढीग राहू द्यायचा, तो कालांतराने आपोआप बसतो. त्यावर त्याच भागातली रोपं. आणि प्रत्येक जागेची मोजणी करून नकाशावर नोंद, म्हणजे पन्नास वर्षांनी नातवाला आजोबा सापडतील.

पण एवढ्याने जमीन वाचते का? इथे कायदा येतो. २००६ मध्ये रॅम्सी क्रीकवर 'संवर्धन सुविधाधिकार' चढवला गेला, आणि तो 'अपस्टेट फॉरएव्हर' या जमीन राखणाऱ्या संस्थेकडे दिला गेला. ही भानगड काय आहे? आपल्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' असा रकाना असतो ना, तसं समजा. जमीन मालकाचीच राहते, पण तिच्यावर बांधकाम करण्याचा, तिचे तुकडे पाडण्याचा हक्क कायमचा सोडून दिलेला असतो. मालक बदलला तरी ही नोंद जमिनीबरोबर जाते, आणि ती पाळली जातेय की नाही हे पाहणारी संस्था वेगळी असते.

कुणी विचारेल, कबरी असताना या कागदाची गरज काय? कबर उकरून इमारत कोण बांधणार? इतिहासाचं उत्तर कडू आहे. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये ब्रॉडवेजवळ सरकारी इमारतीसाठी खोदकाम सुरू झालं, आणि खाली मानवी सांगाडे लागले. सतराव्या-अठराव्या शतकांतलं ते आफ्रिकी गुलामांचं आणि मुक्त काळ्या माणसांचं दफनस्थान होतं. तिथे १५ हजारांवर माणसं पुरली असावीत असा अंदाज आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते बंद झालं, वर भराव टाकला, प्लॉट पाडले, शहर उभं राहिलं. पुढे लोकांनी आंदोलन केलं, खोदकाम थांबवायला लावलं, ४१९ जणांचे अवशेष २००३ मध्ये सन्मानाने पुन्हा पुरले गेले, आणि २००६ मध्ये ते राष्ट्रीय स्मारक झालं. योगायोग बघा, रॅम्सी क्रीकच्या कागदाचंही साल तेच, २००६.

यातून आपण काय घ्यायचं? कबर स्वतः काहीच राखत नाही. ज्यांच्या मागे नाव, पैसा आणि कागद आहे, त्यांच्याच कबरी राहतात. न्यूयॉर्कमधल्या त्या माणसांनाही कापडात गुंडाळून किंवा साध्या लाकडी पेटीतच पुरलं होतं, काँक्रीट नव्हतं, रसायन नव्हतं. आजच्या व्याख्येने ते 'हरित' दफनच म्हणायचं! पण जमिनीवर त्यांचा हक्क नव्हता, म्हणून त्यांच्यावर रस्ते आले. त्यामुळे हरित दफनाची गोष्ट सांगताना नुसतं 'साधेपणा किती छान' म्हणून थांबणं आम्हाला पटत नाही. साधेपणा गरिबांकडे आधीपासून होता. नव्हता तो जमिनीवरचा टिकाऊ हक्क.

एक अडचण अशीही आली, की 'हरित' हा शब्द विकला जाऊ लागला. कुठल्याही हिरवळीचा कोपरा राखून त्याला हरित म्हणता येतं. म्हणून २००५ मध्ये अमेरिकेत ग्रीन बरियल कौन्सिल स्थापन झालं आणि प्रतवारी ठरली. वरच्या पायरीवर 'संवर्धन दफनभूमी' : तिथे जमिनीवर कायमचं कायदेशीर बंधन आणि जमीन राखणारी संस्था सोबत हवी, आणि दफनं सरासरीने एकरी ३०० च्या आत. नेहमीच्या हिरवळीच्या दफनभूमीत ही संख्या एकरी हजाराच्या आसपास जाते. जॉर्जियात कॉन्यर्सच्या ट्रॅपिस्ट मठाच्या जमिनीवर २००८ पासून हनी क्रीक वुडलँड्स आहे. फ्लोरिडात गेन्सव्हिलजवळ २०१० पासून प्रेरी क्रीक आहे.

आता थोडं गणित करू. अमेरिकेत कोविडच्या आधी वर्षाला सुमारे २८ लाख माणसं मरत. त्यातल्या दहा टक्क्यांनी हा मार्ग धरला, तर २ लाख ८० हजार. एकरी ३०० ने भागा : वर्षाला साधारण ९३३ एकर. एका मोठ्या खंडप्राय देशात हे फार नाही. हवामानाचं संकट याने टळणार नाही. पण गंमत पाहा. नेहमीच्या दफनभूमीत जितकी जागा जास्त लागते तितकं नुकसान. इथे जितकी जागा जास्त तितकं रान जास्त. जमीन 'अडवणं' हाच इथे हेतू आहे.

आपल्याकडे हे जसंच्या तसं आणता येईल का? मुंबईत तर नाही, तिथे एकरभर जमिनीचा भाव ऐकूनच माणूस गार होईल. पण कल्पना आपल्याला परकी नाही. सह्याद्रीतल्या देवराया आपण जाणतो. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात त्यांचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की देवाच्या धाकाने शिल्लक राहिलेले तुकडे हेच त्या भागातल्या मूळ जंगलाचे उरलेले नमुने आहेत. धाक गेला तिथे कुऱ्हाड आली. आणि मुंबईच्या मलबार हिलवर पारशी समाजाची डुंगरवाडी आहे. शहराच्या सर्वात महागड्या टेकडीवर पन्नास एकरांवर झाडी टिकली, ती मृतांच्या जागेमुळे. पण तिथली गिधाडं गेली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकमुळे ती मरतात हे २००४ मध्ये सिद्ध झालं, २००६ मध्ये गुरांसाठी ते औषध भारतात बंद झालं, तोवर उशीर झाला होता. रान राहिलं, पण देह निसर्गाला परत करण्याची साखळी तुटली.

ही तिन्ही उदाहरणं शेजारी ठेवा. देवराईला श्रद्धेने राखलं, पण कागद कमजोर. डुंगरवाडीला समाजाने राखलं, पण गिधाडांची सोबत गेली. रॅम्सी क्रीकला कागदाने राखलंय. कागद किती टिकतो? तिथे अजून तीस वर्षंही झालेली नाहीत, आणि दफनभूमीच्या हिशेबात हा काळ म्हणजे काहीच नाही. खरी परीक्षा तेव्हा, जेव्हा तिथे पुरलेल्यांना ओळखणारं कुणीही हयात नसेल आणि शेजारून रस्ता जायचा असेल. त्या दिवशी नोंदवहीतली ती ओळ, तिच्यावर लक्ष ठेवणारी संस्था आणि पायवाटेने फिरायला येणारी गावातली माणसं, ही तिन्ही जागेवर असतील तर ओढ्याकाठचं रान राहील. त्यांतलं एक जरी कमी पडलं, तर काय होतं ते मॅनहॅटनने आपल्याला दाखवलंय.

आज इथेच थांबतो.